लेटरबॉक्सला बांधलेला माग

गेल्या रविवारी एस्थर आली. पोरिरुआहून अख्खा दिवस बसमध्ये बसून, पाठीवर दहा-अकरा महिन्यांची पोर बांधून. मी दार उघडलं, आणि आधी तिच्या तोंडाकडे बघितलं नाही, पोरीकडेही नाही. बघितलं ते कापडाकडे. काळं-लाल कापड, मधे पांढरी बारीक नक्षी, आणि डावी किनार दोन सूत आत ओढलेली. तो हात मी आंधळा झालो तरी बोटांनी ओळखीन. शेजारच्या पी निआंगचा हात. पी निआंग गेल्या हिवाळ्यात गेली.

एस्थर म्हणाली, अण्णा, पी माग लावताना सात नावं घ्यायची ती मला सांगा. मी छाती पुढे काढून बसलो आणि सांगायला लागलो. हुआई, वुंग, चिंग, मान, नुआम. पुढची दोन येईनात. चहा गार झाला, आली नाहीत. तीन वर्षं कुंपणापलीकडे उभं राहून मी ती नावं ऐकली, आणि माझ्या टाळक्यात पाचच राहिली.

तेव्हाच ठरवलं की पीबद्दल जे आठवतं ते लिहून काढायचं, आणखी काही गळायच्या आत. सूनबाई प्राजक्ता म्हणाली, अण्णा, तुम्ही फोनवर बोला, मी टाइप करते. मी म्हटलं, चौथी शिकलोय, पण माझं मला लिहिता येतं. म्हणून हे असं वेडंवाकडं.

मी इचलकरंजीचा. वडिलांचा हातमाग होता. माझ्या वाट्याला पॉवरलूम आला. चाळीस वर्षं चार-चार माग एकट्यानं सांभाळले, शेवटची काही वर्षं जॉबर, म्हणजे मागांचा मिस्त्री होतो. खटाखटीत डावा कान गेला, म्हणून मी जरा मोठ्यानं बोलतो. लोकांना वाटतं भांडतोय. आमची ही गेली तेव्हा पोरानं मला इथे ऑकलंडला, हिल्सबरोत आणलं. आमच्या डाव्या हाताला एक जुनं सरकारी घर, लाकडी, छोटं. त्यात पी एकटी राहायची.

तिला पहिल्यांदा बघितलं ते पुढच्या गवतावर. चटईवर पाय लांब करून बसलेली, कमरेमागे चामड्याचा पट्टा, पट्ट्याला ताण्याचे उभे दोरे जोडलेले, आणि ताण्याचं दुसरं टोक कुठे, तर लेटरबॉक्सच्या खांबाला. पोस्टमन आला की त्या उघड्या दोऱ्यांवरून वाकून पत्र टाकायचा, आणि तीही जणू रीतच असल्यासारखी मागे न बघता म्हणायची, किया ओरा. हा इथला माओरी नमस्कार ती सगळ्यांनाच करायची. डेअरीवाल्याला, बसच्या ड्रायव्हरला, आमच्या मांजराला. इथलं तेवढंच तिनं पूर्ण शिकून घेतलं होतं. बाकी इंग्रजीशी तिचं जमलं नाही आणि माझंही.

मी कुंपणाशी गेलो आणि मोठ्यानं म्हटलं, हा काय माग आहे? ना फणी धड, ना धोटा, हे तर पाळण्याचे दोर. ती हिंदी बोलेल असं मला वाटलंच नव्हतं. पण दिल्लीत नऊ वर्षं एका कापडाच्या कारखान्यात ती दोरे कातरत होती. ब्रह्मदेशाच्या पश्चिमेच्या डोंगरातली ती, चिन नावाच्या लोकांतली. गावात लष्कर शिरलं तेव्हा जंगलातून पळाली, नदी ओलांडून मिझोराममध्ये आली, तिथून दिल्ली, आणि कधीतरी निर्वासित म्हणून इथे. तिची हिंदी मोडकी, माझी त्याहून मोडकी. दोघांच्याही हिंदीत 'तुम'च्या वर शब्द नव्हता. म्हणून इथे आमचं बोलणं मी तू-मी असंच लिहितो.

ती म्हणाली, "भैया, हळू बोल. धागा घाबरतो."

मग उठली, पट्टा सोडला आणि मला म्हणाली, बस. मी बसलो. का नाही बसणार? चाळीस वर्षांचा विणकर. तासाभरात दोन बोटं कापड झालं नाही, आणि जे झालं ते पोरानं चावलेल्या पोळीसारखं. त्या मागात ताण यंत्र देत नाही. बसणाऱ्याच्या कमरेनं द्यायचा. मागे रेललं की ताणा घट्ट, पुढे झुकलं की सैल. श्वास घेतला तरी कापडाला कळतं. माझी कंबर धरली. पी इतकी हसली की डोळे पुसायला तिला पदर नव्हता म्हणून तिनं माझ्याच खांद्यावरच्या टॉवेलचं टोक घेतलं.

"तुझा माग तुझ्याशिवाय चालतो," ती म्हणाली. "माझा नाही चालत."

मी चार दिवस तिच्याशी बोललो नाही. पाचव्या दिवशी कुंपणावर एक पिशवी. आत अंबाडी. हिल्सबरोत अंबाडी! म्हणे त्यांच्या डोंगरात ही भाजी रोजची, आणि बी तिनं कुणाकुणाकडून मिळवून परसात लावलेलं. मी स्वतः शिजवली, कण्या घालून, वर लसणाची फोडणी. पोरगा दोन घास खाऊन म्हणाला, अण्णा, आईची आठवण आली. त्या पिशवीनंतर मी पीशी जन्मभराचं भांडण करू शकलो नसतो. नाहीतर तिचं ते कुजवलेलं सोयाबीन काय वासाचं होतं! ती शिजवायला लागली की प्राजक्ता आमच्या घराच्या खिडक्या लावत फिरायची आणि मी मुद्दाम माझी एक उघडी ठेवायचो.

पी मोज्यांवर जँडल, म्हणजे इथल्या रबरी चपला, घालायची. पावसात छत्री असली तरी उघडायची नाही, काखेत धरायची. डाव्या हाताची शेवटची दोन बोटं वाकडी होती, सरळ होत नव्हती, म्हणून तिची डावी किनार नेहमी आत ओढली जायची. आणि तिच्याकडे बाण्याचे आडवे दोरे ठोकायची एक लाकडी पट्टी होती, तलवारीच्या आकाराची, हातभर लांब, वापरून काळी झालेली. तिचं टोक मोडलेलं, चिरफळलेलं. दोरा त्यात अडकायचा, ती थांबून सोडवायची, पुन्हा ठोकायची. माझ्याच्यानं ते बघवेना. चांगलं घट्ट लाकूड मिळवून, पंधरा दिवस घासून मी तिला नवी पट्टी करून दिली. आरशासारखी. तिनं दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली आणि आत नेऊन फळीवर ठेवली. दुसऱ्या दिवशी बघतो तर जुनीच मोडकी हातात. मी म्हटलं, का गं, माझी वाईट आहे? ती म्हणाली, नाही, तुझी खूप चांगली आहे. एवढंच. मला राग आला. मनात म्हटलं, अडाणी बाई.

आता त्या नावांचं सांगतो. नवीन कापड सुरू करायचं म्हणजे आधी ताणा लावायचा. काठ्यांभोवती दोरे फिरवून ती जुड्या करायची, आणि प्रत्येक जुडीला गाठ मारताना एक नाव घ्यायची. पहिल्या जुडीला सगळ्यात जुनं. सातवं तिच्या आईचं. मी विचारलं, हे देव कोणते? ती म्हणाली, देव नाही, बायका. आई, आईची आई, तिची आई. तिच्या आईनं माग शिकवताना तिला पाठ करायला लावलेली.

"बापांची नावं आमच्याकडे पुरुष सांगतात, गावाला पाठ असतात," ती म्हणाली. "आयांची कोण सांगणार?"

मी म्हटलं, आमच्यातही पाच पिढ्या मला येतात. आणि सांगितल्या, वडील, आजा, पणजा, खापरपणजा, त्याच्या वरचा. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, आता आईच्या आईचं नाव?  घरी येऊन मी इचलकरंजीला धाकट्या भावाला फोन लावला. तो म्हणाला, अरे, तिला सगळे कुरुंदवाडची आजी म्हणायचे. मी म्हटलं, ते मलाही माहीत आहे, नाव सांग. तो म्हणाला, नाव कशाला असेल? जिनं मला मांडीवर घेऊन ताक पाजलं तिचं नाव जगात कुणालाच माहीत नाही. हे मी पीला कधी सांगितलं नाही. पुन्हा विचारलं असतं तर खोटं नाव सांगायचं मी ठरवून ठेवलं होतं. तिनं विचारलं नाही.

एस्थर तिच्या आयुष्यात आली ती एका रविवारी. इथल्या त्यांच्या लोकांचा एका हॉलमध्ये मेळावा होता, गावोगावहून माणसं आली होती. पोरिरुआहून ही पोर आली होती, पंचविशीची, वृद्धाश्रमात काम करणारी. अगदी लहान असताना कुणाला तरी नदीकाठी सापडली होती. मिझोराममधल्या एका चर्चच्या वसतिगृहात वाढली, पुढे एका कुटुंबानं तिला आपल्यासोबत इथे आणलं. सापडली तेव्हा ज्या कापडात गुंडाळलेली होती त्याचा वीतभर तुकडा तिच्याकडे होता. तो घेऊन ती आई शोधत होती. पीनं तो तुकडा बघितला आणि म्हणाली, हे माझ्या घरचं.

दुसऱ्या दिवशी पी कुंपणाशी आली. मी तिला कधी असं बघितलं नव्हतं. उभं राहवत नव्हतं तिला. मुलगी सापडली, मुलगी सापडली, एवढंच म्हणत होती. तीन वर्षांची असताना पळापळीत हरवलेली. मला म्हणाली, तुझ्या घरच्यांना सांग. जसं काही मी न सांगता राहणार होतो.

मग दर दीड-दोन महिन्यांनी एस्थर यायची. संध्याकाळची बस असायची. पी दुपारपासून रस्त्याच्या टोकाकडे बघत बसायची आणि तेवढ्या दिवसात तिच्या कापडात चुका व्हायच्या. एस्थर तिला 'नू' म्हणायची. त्यांच्यात आईला नू म्हणतात, आणि मोठ्या बाईला मान म्हणून पी. आम्ही सगळे पी म्हणायचो, ती एकटी नू. आणि माग लावताना सातव्या जुडीनंतर पी आठवी जुडी बांधायला लागली. आठवं नाव, एस्थर.

आता मी काय केलं ते सांगतो. मी माणूस कसा आहे ते तुम्हाला कळलंच असेल. एकदा एस्थर आलेली असताना तिनं तो वीतभर तुकडा मला दाखवला. मी चष्मा लावला. दोन्ही किनारी सरळ. ठोका घट्ट, एकसारखा, तरुण हाताचा म्हणा, पण पीचा नव्हे. एस्थर आत गेल्यावर मी पीला म्हटलं, हे कापड तू विणलेलं नाहीस. मला वाटलं, ती म्हणेल, वा भैया, काय नजर आहे.

ती म्हणाली, तेव्हा माझी बोटं सरळ होती.

मी म्हटलं, बोटं सोड, ठोका बघ. किनार बदलते, ठोका बदलत नाही. मरेपर्यंत नाही.

पीनं तुकडा माझ्या हातातून घेतला, चार घड्या घातल्या. "भैया, तुझे डोळे चांगले आहेत," ती म्हणाली. "तोंडही तेवढं चांगलं कर."

आठ दिवस बोलली नाही. मीही विचार केला की असेल, बहिणीनं विणलेलं असेल, कुणी दिलेलं असेल. कापड दुसरीचं असलं म्हणून पोर दुसरीची होत नाही. एवढा विचार करून मी थांबलो. माझ्या डोळ्यांनी मला सांगितलं होतं, मीच ऐकलं नाही.

वर्षभरानं युनिव्हर्सिटीची माणसं त्यांच्या त्या हॉलमध्ये आली. चिन आणि तशाच भाषा बोलणारे लोक तिबेटपासून ब्रह्मदेशापर्यंतच्या डोंगरांत पसरलेले आहेत, लहान लहान जमाती. त्यांच्या आयांची मुळं कुठली, कोणत्या बाया कोणत्या वाटेनं आल्या, हे त्यांना शोधायचं होतं. नळीत थुंकी द्यायची. ज्याला हवा त्याला आपापला कागद घरी येणार. प्राजक्तानं मला समजावलं, अण्णा, शरीरात एक गोष्ट असते ती फक्त आईकडून येते. आजीकडून आईला, आईकडून मुलीला. बाबांचा त्यात रोलच नाही.

मी म्हटलं, म्हणजे माझ्या पोरात माझं काही नाही?

ती म्हणाली, बाकी खूप आहे, पण हे नाही. हे आईंचं आहे.

मी दोन दिवस तिच्याशी वाद घातला. तिसऱ्या दिवशी पोरगा दाढी करत होता, त्याच्याकडे मागून बघत उभा राहिलो. म्हटलं, असू दे. हिचं काहीतरी अजून घरात चालतंबोलतं आहे. पुढे कुठे जाणार नाही, आम्हाला मुलगेच, पण आज तरी आहे.

एस्थर तेव्हा गरोदर होती. तिला फार हौस. जन्मणाऱ्या पोराला सांगायचं होतं की तुझी आई ही, आजी ही, आणि त्यांच्या मागच्या आया इतक्या लांबून आल्या. पी टाळत होती. कधी दात दुखतो, कधी चर्चला जायचंय, कधी म्हणायची मला सात नावं येतात, आणखी कशाला? आणि मी, बघा, मी कुंपणावरून तिची थट्टा करत होतो. लष्कराला भ्यायली नाहीस आणि थुंकीला भितेस? मला वाटत होतं, हिची ती सात नावं शहाण्या माणसांच्या पुस्तकात जावीत. त्यात माझाही मान आहे असं का कोण जाणे वाटत होतं. शेवटी एस्थर स्वतः नळी घेऊन तिच्यासमोर उभी राहिली, पोट पुढे आलेलं. पीनं नळी घेतली. नाही कशी म्हणणार होती?

एस्थरचा कागद तिच्या फोनवर आला. पीचा पोस्टानं. ती मागावरच बसली होती, पोस्टमननं तो तिच्याच हातात दिला. ती तशीच उठून माझ्याकडे आली. म्हणाली, हे तुझ्याकडे ठेव. उघडू नको. मी कपाटात, आमच्या हिच्या फोटोमागे ठेवला. मला वाटलं, मुलगी आली की दोघी मिळून उघडणार, हरवू नये म्हणून दिला असेल.

चार दिवसांनी एस्थर आली. उन्हाळा होता. आम्ही सगळे पीच्या मागच्या पायऱ्यांवर बसलो होतो. प्राजक्ताही होती, सोयाबीन नसलं की ती यायची. पी अंबाडी निवडत होती. आम्हालाही कळावं म्हणून एस्थरनं हिंदीत विचारलं, नू, तुझं पत्र आलं का? पी म्हणाली, नाही आलं. हे दोन शब्द तिनं हिंदीत बोलायला नको होते. त्यांच्या भाषेत बोलली असती तर मला कळलं नसतं.

मी म्हटलं, "आलं की! माझ्या कपाटात आहे."

आणि उठून आणायला गेलो. या वयात धावत गेलो. जन्मात कधी खोटं कापड गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारलं नाही, हिशेबात नाही, मापात नाही, असा माझा तोरा. आज वाटतं, तेव्हा ठेचकाळून पायरीवर पडलो असतो तर बरं झालं असतं. पत्र घेऊन आलो तेव्हा पीनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि पुन्हा भाजीकडे. त्या बघण्यात राग नव्हता. पावसात छत्री न उघडता चालायची तेव्हा असायचा तसा चेहरा.

प्राजक्तानं पत्र फोडलं, एस्थरचा फोन शेजारी धरला. दोन्हीवर काही अक्षरं आणि आकडे. पहिलं अक्षरच जुळेना.  प्राजक्ता मला हळूच म्हणाली, अण्णा, मॅच नाही होत. दोघी त्याच डोंगरांतल्या, पण आईची रेषा वेगळी. मी म्हटलं, मशीन चुकत नाही का? तिनं कागदावरच्या नंबरला फोन लावला. पलीकडचा माणूस फार भला होता म्हणे. हवं तर पुन्हा करू म्हणाला, पण सख्ख्या आई-मुलीत एवढा फरक नसतो. सॉरी म्हणाला.

एस्थर पीला त्यांच्या भाषेत काहीतरी विचारायला लागली. एकच वाक्य, पुन्हा पुन्हा. मला भाषा येत नाही. पण पीनं भाजी बाजूला ठेवली आणि हात जमिनीपासून एवढ्या उंचीवर धरला, तीन वर्षांचं पोर उभं असतं तेवढ्या. मग तोच हात खाली नेला आणि पायरीखालची माती दोनदा थोपटली. हे कळायला भाषा लागत नाही.

एस्थर उभी राहिली. पिशवी घेतली. फाटकाशी जाऊन थांबली, आणि वळून म्हणाली, "बाय, पी."

नू नाही म्हणाली. पी म्हणाली, आमच्यासारखी.

दुसऱ्या दिवशी कुंपणाशी पीनं मला सगळं सांगितलं, मी न विचारता. तिची पोर तापानं गेली, नदी चार दिवसांवर असताना. मागे बंदुका होत्या, थांबता येत नव्हतं. खणायला काही नव्हतं. मागाची पट्टी तेवढी पाठीवर बांधलेली होती. पट्टीनं खणलं. टोक तिथे मोडलं. पीची दोन बोटंही तिथेच मोडली, दगड काढताना. मला ती माझी आरशासारखी पट्टी आठवली.

मी म्हटलं, मग त्या पोरीला तू का सांगितलंस की हे माझ्या घरचं?

 पी म्हणाली, "ती कापड हातात घेऊन हॉलभर फिरत होती. एकेका बाईसमोर धरायची. एकेक बाई नाही म्हणत गेली. भैया, मी शेवटची होते."

मी म्हटलं, मी पत्र आणलं नसतं तर.

"हो," ती म्हणाली. "तू आणलंस."

माफ केलं असं म्हणाली नाही. मीही मागितली नाही, मला ते जमत नाही. पण संध्याकाळी कुंपणावर अंबाडीची पिशवी होती.

पुढचं फार नाही. एस्थरचा फोन आला नाही, बस आली नाही. पीनं पोराला पाठीवर बांधायचं कापड सुरू केलेलं होतं, ते पुरं केलं. आधीपेक्षा हळू. मे महिन्यात कुणाकडून तरी कळलं की मुलगी झाली. प्राजक्तानं कापड पोरिरुआला पोस्ट केलं. वर पीचं नाव घालू का विचारलं तर पी म्हणाली, नको, हात ओळखेल ती. उत्तर आलं नाही. पी लेटरबॉक्सच्या खांबाला माग बांधून बसायची, पोस्टमन वाकायचा, ती किया ओरा म्हणायची, आता त्याच्या हाताकडे बघून. मोज्यांवर जँडल, पण एका पायात. दुसरा पाय सुजला होता.

रविवारी एस्थर माझ्यासमोर बसून रडली. म्हणाली, मला खूप राग होता, पोर झाल्यावर कमी झाला, येणार होते, थंडी सरल्यावर येणार होते. तिनं मला सात नावं विचारली, मी पाच दिली. शेजारी आता नवे भाडेकरू आहेत. जाताना ती त्यांच्या फाटकाशी थांबली आणि लेटरबॉक्सच्या खांबाला हात लावला. दोर घासून घासून तिथे बोटभर खाच पडली आहे. तिनं पोरीचा हात धरून तिचं बोट त्या खाचेत फिरवलं.

आठवं मात्र तिनं विचारलं नाही आणि मीही बोललो नाही. तोंडानं सांगायचं माझं धाडस झालं नाही. इथे लिहितो. प्राजक्ता तिला हिंदीत वाचून दाखवील.

जुलैतली सकाळ होती, इथला ऐन हिवाळा. गवतावर दहिवर. मी चहाचा कप घेऊन कुंपणाशी आलो तर पी एवढ्या थंडीत चटईवर बसून नवा ताणा लावत होती. मी हळू आवाजात विचारलं, कुणासाठी?  जुड्या बांधत होती, नावं घेत होती. सातही घेतली. तेव्हा मी ऐकली होती, सातही. मग आठवी जुडी घेतली. मला वाटलं, एस्थर म्हणेल, किंवा काहीच म्हणणार नाही.

ती म्हणाली, "लुन."

हे नाव मी कधी ऐकलं नव्हतं. कुणाचं ते विचारावं लागलं नाही. मातीत ठेवलेल्या पोरीची ती जागा होती, आणि दोन वर्षं तिनं ती दुसरीला देऊन ठेवली होती. स्वतःच्या लेकीचं नाव तोंडातून जाऊ दिलं नव्हतं. गाठ मारली, दातांनी दोरा तोडला.

मग नववी जुडी घेतली. ती बांधली नाही. वाकड्या बोटांत धरून रस्त्याच्या टोकाकडे बघत राहिली, जिथे सिटीतून येणारी बस थांबते.

"भैया," ती म्हणाली, "पोरिरुआची बस किती वाजता येते?"

मी म्हटलं, "आज नाही येत."

तिनं मान हलवली, समजल्यासारखी. जुडी हातातच होती. माझा चहा गार झाला होता, मी दुसरा घ्यायला आत गेलो. परत आलो तेव्हा जुडी तशीच बोटांत होती, आणि पी गेलेली होती.